चिमुकल्यांचे नृत्यनाट्य : ताल हाच अर्थ

बालनाट्याविषयी आपल्याकडे कौतुकाने पुष्कळ बोलले जाते, चिकित्सेने फार थोडे. मुले हसली, मुलांनी टाळ्या वाजविल्या, मुले शेवटपर्यंत जागेवर बसली, इतके लिहिले की परीक्षण पुरे झाले असे आपण मानतो. या कौतुकामागे प्रेम असते हे खरे. परंतु त्यात एक अनादरही दडलेला असतो. ज्या कलाकृतीची पारख करण्याची आपणांस गरज वाटत नाही, ती आपण मनातून दुय्यमच ठरविलेली असते. त्यातही एक प्रकार असा आहे की, ज्याची दखल कौतुकापुरतीही घेतली जात नाही. गावोगाव फिरणाऱ्या एखाद्या संचाने तीन ते आठ वर्षांच्या मुलांपुढे सादर केलेले, संवादांपेक्षा संगीतावर आणि शरीराच्या गतीवर उभे असलेले नाट्य, हा तो प्रकार होय. त्याला आपण ढोबळपणे 'नृत्यनाट्य' म्हणतो, शाळेच्या अहवालात एक ओळ देतो आणि विसरून जातो. या नाट्याची कसोटी कोणती असावी, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. आणि तो विचार हवेत न करता एका फिरत्या संस्थेच्या एका कृतीच्या आधाराने करावयाचा आहे. ती संस्था म्हणजे 'लिटल बॅले ट्रूप' आणि ती कृती म्हणजे तिचे 'पंचतंत्र'.

प्रथम या वयाविषयी दोन शब्द. तीन-चार वर्षांच्या मुलाला शब्द कळत नाहीत असे नव्हे. परंतु शब्द हे त्याचे पहिले घर नव्हे. आईच्या मांडीवर डोलताना, टाळ्यांवर हात आपटताना, गाण्याच्या ओळीबरोबर उठताना-बसताना त्याने जगाशी पहिली ओळख करून घेतलेली असते. भावनगरच्या दक्षिणामूर्ति बालमंदिरात गिजुभाई बधेका यांच्यासमवेत काम केलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालवाड्या चालविल्या, तेव्हा गाणे, अभिनय आणि खेळ यांना त्यांनी वेळापत्रकातल्या विरंगुळ्याची नव्हे, तर शिक्षणाच्या साधनाची जागा दिली. मॉन्टेसरी पद्धतीत रेषेवरून तोल सांभाळीत चालण्याच्या पाठाला जे महत्त्व आहे, त्याचेही मर्म हेच. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ या वयाला शिक्षणाचा पायाभूत स्तर म्हणून मान्यता दिली आणि खेळातून शिकण्यावर भर दिला. म्हणजे जे ताराबाईंनी झोपडीत आणि अंगणात करून दाखविले, ते आता धोरणाच्या भाषेत आले. अशा वेळी या वयाच्या मुलांपुढे कोणती कला ठेवावयाची, हा प्रश्न शाळेच्या दाराशी येऊन उभा राहिला आहे.

लिटल बॅले ट्रूपची स्थापना शांती बर्धन यांनी १९५२ साली मुंबईत केली. उदयशंकरांच्या अल्मोड्याच्या केंद्रात आणि नंतर भारतीय जन नाट्य संघाच्या मध्यवर्ती पथकात तयार झालेला हा नर्तक. शास्त्रीय नृत्य आणि लोकनृत्य यांतली भिंत त्यांनी मानली नाही, आणि पौराणिक वैभवापेक्षा सामान्य प्रेक्षकाला भिडणारी साधी, ठसठशीत आकृती त्यांना अधिक मोलाची वाटली. क्षयाने शरीर पोखरले असतानाही त्यांनी रचना केल्या, आणि १९५४ साली त्यांचे निधन झाले. संस्था मात्र मावळली नाही. गुल बर्धन आणि प्रभात गांगुली यांनी ती पुढे चालविली. देशात आणि देशाबाहेर तिचे दौरे झाले. १९६० नंतरच्या दशकात ती आमच्या ग्वाल्हेरला येऊन राहिली आणि नंतर भोपाळला स्थिरावली. गुल बर्धन यांना २०१० मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी त्या निवर्तल्या. ग्वाल्हेरच्या ख्याल गायकीचा आणि १९१८ साली भातखंड्यांच्या प्रेरणेने सुरू झालेल्या माधव संगीत विद्यालयाचा अभिमान आम्ही मराठी मंडळी आवर्जून बोलून दाखवितो. परंतु असा एक फिरता नृत्यसंच आमच्या गावात वर्षानुवर्षे राहिला, याची आठवण साहित्याच्या व्यासपीठावर क्वचितच निघते.

या संस्थेचे अधिक गाजलेले नृत्यनाट्य म्हणजे 'रामायण'. त्यात नर्तक कळसूत्री बाहुल्यांप्रमाणे वावरतात. राजस्थानी कठपुतळीचा कोनाकोनांचा ताठ डौल त्यांनी माणसाच्या अंगावर चढविला. कल्पना विलक्षण आहे. परंतु तिचा पुरा आस्वाद घ्यावयाचा तर 'हा माणूस बाहुली झाला आहे' हे दुहेरी भान असावे लागते. राम आणि रावण यांना बाहुल्यांच्या रूपात पाहण्यातली गंमत, आणि नियतीच्या दोरीची त्यातली सूचना, प्रौढाला कळते. चार वर्षांच्या मुलाला ती बाहुलीच वाटते. आणि त्यात त्याचे काही बिघडत नाही. परंतु त्याच्या वयाच्या अंतरंगातून उगवलेली कृती म्हणून आपणांस 'पंचतंत्रा'कडेच वळावे लागते.

'पंचतंत्रा'साठी मित्रलाभाची, म्हणजे मूळ ग्रंथाच्या दुसऱ्या तंत्राची कथा निवडण्यात आली. ही निवडच समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. पंचतंत्रात पहिल्या तंत्राचा विस्तार मोठा आणि त्याची कीर्तीही मोठी. परंतु तेथे सिंह आणि बैल यांची मैत्री कोल्हा फोडतो ती शब्दांनी. कारस्थान हा शब्दांचा व्यापार आहे; ते नाचून दाखविता येत नाही. मित्रलाभाची गोष्ट याच्या उलट आहे. कबुतरांचा थवा पारध्याच्या जाळ्यात सापडतो. प्रत्येक कबुतर आपापल्या दिशेने धडपडते तोवर जाळे हलत नाही. मग त्यांचा राजा चित्रग्रीव सर्वांना एकदम उडावयास सांगतो, आणि जाळ्यासकट थवा आकाशात जातो. आपण शाळेत ही गोष्ट सांगतो आणि शेवटी फळ्यावर लिहितो : 'एकी हेच बळ'. मूल ते वहीत उतरवून घेते आणि बाजूच्या मुलाच्या हातातले खोडरबर ओढते.

आता हाच प्रसंग ताल आणि गती यांच्या भाषेत पाहावा. पाच-सहा देह एका जाळ्याखाली निरनिराळ्या लयीत धडपडतात. त्यांचा ताल एकमेकांत मिसळत नाही, म्हणून जाळे हलत नाही. मग एक समान ठेका सुरू होतो; एकेक देह त्या ठेक्यात येतो; आणि ज्या मात्रेला सर्वजण एकत्र येतात, त्या समेवर जाळे उचलले जाते. येथे 'एकी' ही कल्पना वर्णिलेली नाही, ती घडलेली आहे. ताल हा कथेला घातलेला अलंकार नाही. ताल हीच कथा आहे. प्रेक्षागारातील मूल जर त्या समेची वाट पाहत श्वास रोखून बसले असेल, तर तात्पर्याचे वाक्य न ऐकताच त्याला तात्पर्य अंगातून कळलेले असते. संगीत आणि गती यांच्या बालनाट्याची कसोटी मला येथे सापडते : ज्या कृतीतून गती काढून टाकली तरी गोष्ट शब्दांत तशीच सांगता येईल, ती कृती नृत्यनाट्य नव्हे, सजविलेले कथन आहे. जिच्यातून गती काढताच अर्थही निघून जातो, ती खरी कृती.

याच कथेचा पुढील भाग ही कसोटी अधिक सूक्ष्म करतो. लघुपतनक कावळा, हिरण्यक उंदीर, मंथरक कासव आणि चित्रांग हरीण, असे चार मित्र जमतात. चार प्राणी म्हणजे चार चाली, आणि चार चाली म्हणजे चार लयी. कावळ्याची तिरकी उडी, उंदराची द्रुत आणि तुटक धाव, कासवाची विलंबित गती, हरणाची लांब झेप. संस्कृत ग्रंथात या चौघांचे स्वभाव नीतिश्लोकांच्या लांबलचक माळांतून उलगडतात, आणि खरे पाहता तेथे ते चौघेही एकाच पंडिताच्या वाणीने बोलतात. शरीराच्या भाषेत मात्र त्यांना एकसारखे होताच येत नाही. कासव हळू चालते, हा त्याचा दोष नाही, तो त्याचा ताल आहे. पण याच तालामुळे पारधी आला असता इतर तिघे निसटतात आणि ते सापडते. म्हणजे कथेतले संकट स्वभावातून, आणि स्वभाव लयीतून निर्माण होतो. वर्गातल्या सावकाश चालणाऱ्या, सावकाश लिहिणाऱ्या मुलाला या कासवात स्वतःची ओळख पटावी आणि इतर तिघे त्याच्यासाठी परत येतात हे त्याने पाहावे, याहून मोठा दिलासा कोणता पाठ देऊ शकेल?

आणि या कथेचा कळस तर गतीच्या अभावात आहे. हरीण तळ्याकाठी मेल्याचे सोंग घेऊन पडते. कावळा त्याच्या डोळ्यावर चोच मारीत असल्याचे भासवितो. पारधी कासव खाली टाकून हरणाकडे धावतो. तेवढ्यात उंदीर कासवाचे बंध कुरतडतो. जे पात्र झेपांनी ओळखले जाते तेच निश्चल होते. रंगभूमीवरील शांतता प्रेक्षागारातील शांततेला बोलावून घेते. हरीण मेलेले नाही, हे मुलांना ठाऊक आहे. पारध्याला ठाऊक नाही. नाट्यशास्त्राच्या पुस्तकांत ज्या नाट्यगत विसंगतीचे विवेचन आपण पदवीच्या वर्गात शिकलो, ती पाच वर्षांच्या मुलाला शब्दावाचून कळते. मुलांना सतत हलते, सतत वाजते काहीतरी हवे असते, हा आपला समज किती पोकळ आहे हे या एका क्षणाने सिद्ध होते. विराम कळण्याइतके मूल मोठे असते. विराम धरण्याइतके धैर्य दिग्दर्शकाजवळ असावे लागते.

तुलनेसाठी पाश्चात्त्य परंपरेतील एक सुप्रसिद्ध कृती घेऊ. प्रोकोफिएव्हने १९३६ साली मॉस्कोच्या मुलांच्या नाट्यगृहासाठी, नतालिया सात्स यांच्या सूचनेवरून, 'पीटर आणि लांडगा' ही संगीतकथा रचली. तिच्यात पक्ष्याला बासरी, बदकाला ओबो, मांजराला क्लॅरिनेट, आजोबांना बसून, लांडग्याला तीन शिंगवाद्ये आणि शिकाऱ्यांच्या बंदुकांना नगारे, अशी प्रत्येकाला वाद्याची ओळख दिलेली आहे. मूल त्यातून वाद्ये ओळखावयास शिकते. तो हेतूच होता आणि तो उत्तम रीतीने साधला आहे. परंतु तेथे गोष्ट सांगण्यासाठी निवेदकाची आवश्यकता राहतेच. वाद्य पात्राचे चित्र काढते, घटना मात्र शब्द सांगतात. 'पंचतंत्रा'सारख्या कृतीत स्वभाव आणि घटना ही दोन्ही कामे देहाने पत्करलेली असतात. दोन्ही पद्धतींना आपापले स्थान आहे. भेद लक्षात घ्यावयाचा तो एवढाच की, जेथे भाषा निरनिराळ्या आहेत त्या प्रदेशात फिरणाऱ्या संचाला दुसरी पद्धत अधिक दूर नेते.

येथे 'फिरते' या विशेषणाचा विचार करावयास हवा. फिरणे ही अशा संस्थांची अडचण आहे असे आपण समजतो; ती त्यांची शिस्तही आहे. जे पेटाऱ्यात मावत नाही ते रंगभूमीवर नेता येत नाही. म्हणून झाड पडद्यावर रंगविण्याऐवजी झाडाचे काम माणसाने करावे लागते, तळे निळ्या कापडाच्या हालचालीतून निर्माण करावे लागते. मुलाच्या खेळातही हेच घडत असते. काठीचा घोडा आणि उलट्या टोपलीचे घर त्याला पुरते. साधनांची टंचाई अशा रीतीने मुलाच्या कल्पनेशी नाते जोडते. आमच्या दशावतारी मंडळींना आणि पिंगुळीच्या कळसूत्री बाहुलीकारांना हे मर्म पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे.

तथापि या संस्थेची कृती सर्वांगी निर्दोष नमुना म्हणून पुढे ठेवणे योग्य होणार नाही. अशा नृत्यनाट्याला नर्तकांचा मोठा ताफा लागतो, त्यांची वर्षानुवर्षांची तालीम लागते आणि बांधीव रंगमंच लागतो. रंगमंच आला की अंतर आले. मागच्या रांगेतील चार वर्षांच्या मुलाला उंदराचे बारीक कापणे दिसत नाही, आणि बारीक गोष्ट दिसेनाशी झाली की त्याच्या दृष्टीने गोष्टच संपते. इटलीतील बोलोन्या येथील 'ला बाराक्का' या नाट्यसंस्थेने १९८७ पासून तीन वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघरांतून प्रयोग करण्यास आरंभ केला. लंडनच्या 'ऑयली कार्ट'नेही, जिची स्थापना १९८१ ची, अगदी लहान मुलांसाठी आणि विकलांग मुलांसाठी नाट्य रचले. अशा प्रयोगांत प्रेक्षक थोडे ठेवले जातात, नट मुलांच्या जवळ येतात, आणि स्वर, स्पर्श व गती यांनाच संहितेचे स्थान मिळते. 'पंचतंत्रा'ची कलादृष्टी आणि या लहान प्रयोगांची जवळीक यांचा संगम आपल्याकडे अद्याप व्हावयाचा आहे.

मराठी बालरंगभूमीचा इतिहास या संदर्भात तपासला तर एक उणीव स्पष्ट दिसते. सुधा करमरकरांनी १९५९ साली 'लिटल थिएटर' स्थापून रत्नाकर मतकरींचे 'मधुमंजिरी' आणले, तेव्हा मुलांसाठी प्रौढ नटांनी गंभीरपणे नाटक करावयाचे, हा पायंडा पडला. मतकरींनी पुढे स्वतःची संस्था काढून तो वाढविला. त्यांच्या 'अलबत्या गलबत्या'ने २०१८ च्या पुनरुज्जीवनातही नाट्यगृहे भरविली. पुण्यात १९८६ पासून जर्मन 'ग्रिप्स' परंपरेने मुलांच्या रोजच्या जीवनातील प्रश्न गाण्यांसह रंगभूमीवर आणले. 'आविष्कार'च्या चंद्रशाळेने 'दुर्गा झाली गौरी' या नृत्यनाट्यात मुलांनाच नाचविले आणि त्यांच्या अंगच्या लयीला मोठे क्षेत्र दिले. ही सारी कामगिरी अभिमानास्पद आहे. परंतु ती मुख्यतः गोष्ट समजणाऱ्या, विनोद कळणाऱ्या, म्हणजे सहा-सात वर्षांपुढील मुलांसाठी आहे. त्याखालचे मूल थोरल्या भावंडाबरोबर नाट्यगृहात येते, चेटकिणीला घाबरून आईच्या कुशीत शिरते आणि मध्यंतरातील खाऊ लक्षात ठेवते. त्याच्यासाठी म्हणून रचलेले नाट्य मराठीत फार विरळ आहे.

ही पोकळी मग कोणी भरून काढतो? शाळाशाळांतून फिरणारे लहानमोठे संच. मुख्याध्यापक या नात्याने अशा संचांची पत्रके माझ्या टेबलावर येतात आणि त्यांचे प्रयोगही मी पाहतो. त्यांत कष्टाळू कलावंत असतात, यात शंका नाही. परंतु बहुतेकांचे संगीत आता आधीच मुद्रित केलेले असते आणि ते मोठ्या ध्वनिक्षेपकांतून सोडले जाते. असाच एक प्रयोग चालू असता पहिल्या रांगेतील एक बालवाडीची मुलगी उभी राहिली आणि सशाला, 'तिकडे जाऊ नकोस,' म्हणून तिने मोठ्याने हाक मारली. सशाचे काम करणारा तरुण क्षणभर तिच्याकडे वळला. त्याला थांबावयाचे होते हे त्याच्या खांद्यांवरून दिसत होते. पण मुद्रित ठेका थांबणारा नव्हता. तो पुढच्या पदन्यासावर गेला आणि मुलगी खाली बसली. ढोलकीवर माणूस असता तर त्याने चार मात्रा अधिक वाजविल्या असत्या, ससा त्या हाकेकडे कान टवकारून उभा राहिला असता आणि ते नाटक त्या मुलीचे झाले असते. जिवंत ताल आणि मुद्रित ताल यांतील अंतर केवळ नादमाधुर्याचे नाही. जिवंत ताल प्रेक्षकाचे ऐकतो. मुद्रित ताल फक्त ऐकवितो. मोठ्यांच्या नाटकात ही हानी सोसवेल. ज्या नाट्याचा अर्थच तालात आहे तेथे ती मुळावर येते.

या संचांचा दुसरा दोष तात्पर्याचा आहे, आणि त्याला जबाबदार आम्ही शाळावाले अधिक आहोत. स्वच्छता, वृक्षारोपण, रस्त्याचे नियम यांपैकी काहीतरी पत्रकात असल्यावाचून आम्ही प्रयोग ठरवीत नाही. मग ससा आणि कासव यांची शर्यत संपताच कासव पुढे येऊन हात धुण्यावर भाषण करते. हात धुणे आवश्यक आहे. ते नळाशी शिकवावे.

आता एक आक्षेप, जो या पत्रिकेच्या वाचकांच्या मनात उठल्यावाचून राहणार नाही. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील आमची मुले शाळेत हिंदी, गुजराती, तेलुगु, इंग्रजी ऐकतात; मराठी त्यांना घरापुरती उरली आहे, आणि कित्येक घरांत तीही आजीपुरती. बेळगावच्या मुलालाही दोन भाषांच्या सीमेवरच वाढावे लागते. असे असता शब्द कमी करणाऱ्या नाट्याची शिफारस मराठी साहित्याच्या व्यासपीठावरून का करावी?

मला वाटते, करावी ती याच कारणासाठी. भाषा मुलापर्यंत प्रथम अर्थाने पोहोचत नाही, ठेक्याने पोहोचते. झिम्मा, फुगडी, भोंडला, मंगळागौरीचे खेळ यांत मराठी ही पायांच्या आणि टाळ्यांच्या संगतीने म्हटली जाते. तिचे ऱ्हस्वदीर्घ, तिचे यमक, तिच्या ओळीचा विसावा शरीरात मुरतो. शब्दांची गर्दी म्हणजे भाषेची समृद्धी नव्हे. चार मित्रांच्या कथेत कासवाला म्हणून एकच ओळ द्यावी, विलंबित लयीतली आणि स्वच्छ मराठीतली. ती ओळ तीन वेळा यावी. आणि तिसऱ्या वेळी नटाने ती अर्ध्यावर सोडावी. उरलेली अर्धी ओळ मुले म्हणतील. ज्या मुलाने घराबाहेर, अनोळखी माणसांसमक्ष, सर्वांबरोबर मराठीची अर्धी ओळ मोठ्याने म्हटली, त्याच्या दृष्टीने ती भाषा आजीच्या खोलीतून बाहेर आली. हे काम निबंधस्पर्धेने होत नाही, कारण निबंधस्पर्धेला येणारे मूल आधीच आपले असते.

म्हणून शाळांनी आणि आपल्या अकादमीने या नाट्यप्रकाराकडे करमणुकीचे साधन म्हणून न पाहता वाङ्मयाचा एक प्रकार म्हणून पाहावे, अशी माझी विनंती आहे. त्यासाठी मोठा निधी नको. तीन-चार नट, एक ढोलकी, टाळ, एक लांब कापड आणि मुलांनी गोलाकार बसावे एवढी खोली पुरेल. आपल्या केंद्राकेंद्रांतून असा एखादा संच वर्षातून एक फेरी करू शकेल. संहिता निवडताना परीक्षकांनी एकच प्रश्न विचारावा : यातील गती काढली तर काय उरते? सारेच उरत असेल तर ती संहिता आदरपूर्वक परत करावी. आणि प्रयोग पाहताना टाळ्या मोजू नयेत. हरीण निश्चल पडते त्या क्षणी खोलीत शांतता होते की नाही, आणि ती मुलांनी आपण होऊन धरलेली असते की शिक्षकांनी डोळे वटारून आणलेली असते, एवढे पाहावे. त्या दोन शांततांमधला फरक ज्याला ओळखता येईल, तोच या रंगभूमीचा खरा समीक्षक.